एकही फट नसलेलं घर

घर बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, "चप्पल घालता की बूट?"

मला वाटलं, जिन्यावरच्या आवाजाबद्दल बोलताहेत. म्हटलं, "ऑफिसला बूट घालते काका. पण हळू चालते."

"कशा चालता ते विचारलं नाही. पायात घालायच्या आधी झटकता का?"

"नाही."

"मग झटकायला लागाल," असं म्हणून त्यांनी वरच्या खोल्यांची किल्ली माझ्या हातात ठेवली. घर कुठलं, आडनाव काय, ही पुण्यातल्या घरमालकांची नेहमीची चौकशी त्यानंतर झाली. मी वर्ध्याची आहे म्हटल्यावर त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. मी 'वर्धेकर' झाले, ती शेवटपर्यंत.

ते गेल्याला आता काही वर्षं झाली. पण अजूनही बूट घालताना माझा हात आपोआप टाच धरून ते उलटे करतो आणि जमिनीवर आपटतो. माझा नवरा हसतो. हसू दे.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून थोडं आत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर मी एकटी. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. मी खराडीच्या एका कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायच्या कामावर. नवऱ्याला त्याच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. सहा महिन्यांनंतर आणखी सहा महिने झाले. त्या वेळी आमच्यातल्या निम्म्या मुलींचं हेच चाललेलं असायचं, त्यामुळे त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारत नसे.

काकांच्या आयुष्याची मधली सगळी वर्षं आखातात गेली होती. वाळवंटातून जाणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनवर मधेमधे पंपिंग स्टेशनं असतात. तशा एका स्टेशनवर ते यंत्रांची देखभाल करायचे. शेजारी कंपनीनं बांधून दिलेले चार-दोन क्वार्टर्स, आणि पुढे नजर पोचेल तिथपर्यंत वाळू. तिथल्या घरांत माणसांपेक्षा विंचू जास्त, असं ते सांगायचे. पुण्याला कायमचे परत आले तेव्हा सोन्याचं वगैरे काही आणलं नाही, विंचवाची काळजी तेवढी घेऊन आले. गल्लीत त्यांना सगळे विंचूकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

"पाठीमागे म्हणतात," ते एकदा म्हणाले. "विंचूही पाठीमागूनच मारतो. चालायचंच."

घरात प्रत्येक दाराच्या खाली रबराची पट्टी ठोकलेली होती. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी होती. पलंग भिंतीपासून हातभर लांब, आणि त्याचे चारही पाय काचेच्या बरण्यांत उभे. "काचेवर त्याला चढता येत नाही. पाय घसरतात," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. पांघरूण जमिनीला टेकता कामा नये. ओला टॉवेल खाली पडला तर उचलायच्या आधी पायानं ढकलून बघायचा. रद्दी साठवायची नाही, कुंड्या भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, आणि अंधारात कुठेही हात घालायचा नाही. मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, घर बदल."

मी बदललं नाही. त्याचं एक कारण म्हणजे, सकाळी मला कुणीतरी हाक मारत होतं. कोपऱ्यावर आमच्या कंपनीची बस यायची. मी धावत फाटकाबाहेर पडले की मागून ठणठणीत आवाज यायचा, "वर्धेकर, झटकले का?" बसमधली मुलं खिडकीतून ऐकायची. एकानं विचारलंही, "तुझा घरमालक रोज ऑडिट करतो का गं?" मी हसण्यावारी नेलं. पण एकदा त्यांना ताप आला, तीन-चार दिवस हाक आली नाही, तेव्हा बसमध्ये बसल्यावर मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आणखी एक सवय होती. कुठलीही बंद गोष्ट उघडण्याआधी ते तिच्यावर टकटक करत. कपाट, पेटी, विजेच्या मीटरचं झाकण. आत कोण असेल त्याला बाजूला व्हायला वेळ द्यावा, हा त्यामागचा विचार. बाजारातून परत आले की स्वतःच्या घराच्या दारावरही ते टकटक करायचे, थोडं थांबायचे, आणि मग कुलूप काढायचे. मला वरून ते ऐकू यायचं. बाहेरून कुलूप लावलेल्या घराचं दार वाजवून थांबलेला माणूस. पहिल्यांदा मला हसू आलं होतं, नंतर कधी आलं नाही.

रविवारी सकाळी ते जाळ्या तपासायला वर येत आणि काम झालं की जिन्याच्या पायरीवर बसत. मी चहा द्यायची. मग बोलण्यात वाळवंटातले सगळे प्राणी एकेक करून येत.

"पिवळा असतो तिकडचा विंचू. शेपूट जाड, पुढचे चिमटे काटकुळे. असा दिसला की आपण मागे व्हायचं. ज्याचे चिमटे दांडगे, तो त्यांच्याच जोरावर जगतो, त्याच्याकडे विष बेताचं."

"आणि कोळी?"

"एक काळा. मुगाएवढा, पोटावर लाल ठिपका. बाहेरच्या संडासात, नळाच्या चाकामागे, असल्या ठिकाणी बसतो. फार लाजाळू. दुसरा एक केसाळ, एवढा मोठा." ते पंजा पसरून दाखवत. "त्याला बघून लोक टेबलावर चढतात. त्याला विष नाही काही. नुसता अवतार. आमचा एक इंजिनियर होता तसा."

गोमेबद्दल मात्र ते चांगलं बोलत नसत. "गोम उगाच चावते," एवढंच म्हणत.

ऐकताना माझ्या लक्षात यायचं की त्यांना ह्या प्राण्यांची भीती अशी वाटतच नाही. जुन्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसे ते बोलायचे. मी एकदा तसं म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला कशाला भीती? मला एकदाही चावला नाही. हिला चावला."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांची बायको आणि लहान मुलगी तिकडे राहायला गेल्या होत्या. वर्षभर राहिल्या. एका सकाळी कपडे वाळत घालायला बाहेर जाताना बायकोनं कॅनव्हासचे बूट पायात घातले. बुटात विंचू होता. दवाखाना दोन तासांवर, आणि काका त्या वेळी ड्यूटीवर. ते घरी आले तेव्हा ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, मला इथे राहायचं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी दोघींना विमानात बसवलं.

"मी मात्र राहिलो," ते म्हणाले. "दर वर्षी महिन्याची सुट्टी. मुलगी प्रत्येक वेळी उंच झालेली दिसायची. कायमचा आलो तेव्हा ती कॉलेजात होती आणि हिचं दुखणं सुरू झालं होतं. हे घर बांधून घेतलं. एक पावसाळा राहिली ह्या घरात. इथे तिला काही चावलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी एखादं काम पुरं झाल्याचं सांगावं तसं सांगितलं, आणि कप विसळायला उठले.

मुलगी बेंगळुरूला होती, तीही माझ्यासारखीच कंपनीत. फोन ठरावीक दिवशी यायचा आणि लवकर संपायचा. खालून मला त्यांचंच बोलणं ऐकू यायचं. "बरा आहे... हो, जेवलो... तू?... बरं." मग बराच वेळ काही नाही, आणि मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज.

आमच्या शेजारी एक मोठा रिकामा प्लॉट होता. दगडधोंड्यांचा, झुडपांचा. त्यावर इमारत येणार असं बरेच दिवस ऐकत होतो. त्या वर्षी खरंच जेसीबी आला आणि खोदायला लागला. खिडक्यांच्या काचा दिवसभर थरथरत असायच्या. आणि एका शनिवारी सकाळी मी गच्चीचं दार उघडलं, तर बाहेरच्या पायपुसण्यावर विंचू.

मी किंचाळले. काका ज्या वेगानं वर आले, त्या वेगानं मी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं. हातात काचेचा पेला होता. त्यांनी तो अलगद विंचवावर पालथा घातला आणि जवळच मांडी घालून बसले.

मला वाटलं होतं, आता ते मला सुनावतील. गल्लीभर सांगत सुटतील. इतकी वर्षं ज्याच्यासाठी सगळी तयारी केली, तो शेवटी आला होता. पण ते नुसते बघत राहिले. लालसर तपकिरी, बोटापेक्षा लहान विंचू पेल्याच्या कडेनं फिरत होता.

"हा इथलाच आहे," ते म्हणाले. "लाल आहे. हे वाईट असतात, हात लावू नका. पण घाबरलाय बघा. घरातून खोदून काढलंय त्याला."

मला वाटलं, चप्पल मागतील. त्यांनी बरणी मागितली. पेल्याखालून पत्र्याचा तुकडा सरकवून त्यांनी विंचू बरणीत घेतला, झाकण लावलं, आणि मला स्कूटरवर मागे बसवून धानोरीच्या बाजूच्या टेकडीवर नेलं. बरणी माझ्या हातात होती. इतकी सरळ मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

टेकडीवर त्यांनी बरणी आडवी केली. विंचू निघाला, थोडा थांबला, आणि एका दगडाखाली गेला.

"क्वार्टरमध्ये एकदा एक मादी आली होती," काका दगडाकडे बघत म्हणाले. "पाठीवर पिल्लं. पांढरी, तांदळाच्या कण्यांसारखी. विंचवाची पिल्लं आईच्या पाठीवर असतात पहिले काही दिवस. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिसायची."

"मारली नाहीत?"

"नाही."

"का?"

"घरात दुसरं कोण होतं?" ते म्हणाले आणि स्कूटरकडे वळले.

त्या दिवशी आम्ही दोघांनीही फोन केले. मी नवऱ्याला सांगितलं, "घरात विंचू निघाला." सांगताना आवाज जरा जास्तच घाबरा केला. मला काय ऐकायचं होतं ते मला नीट माहीत होतं. तो म्हणाला, "बाप रे. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलाव. मी नेटवर नंबर शोधून पाठवतो." आणि मग प्रोजेक्ट आणखी लांबणार असल्याचं सांगितलं. मी नेहमीसारखं म्हटलं, "हरकत नाही."

खाली काकांनी मुलीला फोन केला होता. ठरलेला दिवस नसताना. "विंचू निघाला," एवढंच मला ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी मुलगी आली. आदल्या संध्याकाळी काका वर येऊन मला म्हणाले, "वर्धेकर, उद्या दुपारी जेवायला या. आम्ही दोघंच असलो की बोलायला काही सापडत नाही."

ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. केस कापलेले, बोलणं काकांसारखंच तुटक. स्वयंपाक काकांनी केला होता. मसुराची आमटी, भात, आणि खजूर घातलेली कसलीशी गोड कोशिंबीर. सगळं तिकडे एकट्यानं शिकलेलं. जेवायला बसलो तेव्हा तिला तिचे बूट दिसले. दाराशी काढून ठेवलेले ते बूट काकांनी खिळ्यांना उलटे टांगले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर आतल्या पलंगाच्या बरण्यांवर गेली, दाराच्या पट्टीवर गेली.

"बाबा, हे कधी थांबणार?"

"काय?"

"हे. तुमचा फोन आला, विंचू निघाला म्हणून, तेव्हा मला वाटलं तुम्हाला भास व्हायला लागले."

"खरंच निघाला होता," मी मध्ये म्हटलं. "मी पाहिला."

तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. हातातला घास तिनं ताटात ठेवला.

"बाबा, आईला विंचू चावलाच नव्हता."

मला उठून जावंसं वाटलं. पण उठणंही अवघड होतं. काकांनी भातावर आमटी वाढून घेतली. सावकाश कालवली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"काय?"

"चावला म्हणाली तो डावा पाय. विमानतळावर लंगडत होती ती उजव्या पायानं."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तिला तिथे राहवत नव्हतं. दिवसभर वाळू, बोलायला कुणी नाही, मी बारा-बारा तास बाहेर. मला कळत होतं ते. पण तसं ती तोंडानं म्हणाली असती, तर मला नोकरी सोडावी लागली असती. नाहीतर, सोडत नाही असं तिच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. दोन्ही माझ्याच्यानं झालं नसतं. विंचू सोयीचा होता. तिला, आणि मलाही."

"मग हे सगळं कशाला? पट्ट्या, जाळ्या, बरण्या?"

काकांचा आवाज खाली आला.

"तिनं मला दिलेलं तेवढंच एक कारण होतं. दुरुस्त करता येईल असं. तुम्ही गेल्यावर मी क्वार्टरची एकेक फट बुजवली. सुट्टीवर आलो की सांगायचो, आता मुंगीसुद्धा आत येत नाही, चल. ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. मी परत जाऊन आणखी फटी शोधायचो."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाजात राग तसाच होता. "शेवटच्या आजारात आईनं मला सांगितलं. म्हणाली, मी सामान बांधताना दोन दिवस वाट बघत होते. त्यांना कळलंय हे मला दिसत होतं. त्यांनी फक्त एकदा म्हणायला हवं होतं की खोटं बोलतेस, थांब. मी थांबले असते."

हे काकांना माहीत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. हात ताटातच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही दुसरं ऐकलं असेल आणि ते सांगेन. मग ते उठले आणि मोरीवर हात धुवायला गेले. नळ कितीतरी वेळ चालू होता.

मुलीनं ताटं उचलली, मी तिला मदत केली आणि वर आले.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला पुन्हा फोन केला. ह्या वेळी विंचवाचं नाव काढलं नाही. काय सांगितलं ते आमच्या दोघांत राहू दे. दिवाळीच्या आधी तो परत आला, कंपनीची नाराजी पत्करून आला, एवढं इथे पुरे.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मुलीला निघायचं होतं. फाटकाशी रिक्षा उभी होती. मी निरोप घ्यायला खाली आले. सकाळपासून त्या दोघांत काही बोलणं झालं असावं असं वाटत नव्हतं. काका तिची बॅग घेऊन फाटकापर्यंत आले. त्यांनी ती रिक्षात ठेवली नाही. हातातच धरून उभे राहिले.

"द्या बाबा. विमान चुकेल. उद्या सकाळी रिव्ह्यू आहे माझा, मोठा. नाहीतर थांबले असते."

काकांनी मान हलवली. रिक्षाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी घसा साफ केला.

"खोटं बोलतेस," ते म्हणाले. "थांब."

रिक्षावाल्यानं चमकून आरशात पाहिलं. मुलगी एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर अशी तशीच उभी राहिली. काकांनी बॅग सोडली नाही. नजरही काढून घेतली नाही.

तिनं रिक्षातला पाय खाली घेतला.

"दादा, तुम्ही जा," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

"घरात ठरवून मग बोलवत चला ना हो," असं पुटपुटत त्यानं रिक्षा वळवली.

रिक्षा गेल्यावर गल्लीत एकदम शांत झालं. रविवार असल्यामुळे शेजारचं खोदकामही बंद होतं. मुलगी काकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"रिव्ह्यू खरंच आहे, बाबा."

"असेल," काका म्हणाले. "तरी थांब."